सव्वादोन सेंटिमीटर मागे

सुमित्राच्या पावलांची चर्चा तिच्या लग्नातसुद्धा झाली होती. नवऱ्यापेक्षा दोन बोटं उंच आणि पाऊल असं, की अख्ख्या नागपुरात मापाची चप्पल मिळू नये! अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आल्यावर ती पुरुषांच्या सेक्शनमधून खुशाल बूट घ्यायला लागली आणि तो प्रश्न मिटला. स्कीइंगनं मात्र तिला तीन हिवाळे रडवलं.

दर हिवाळ्यात तिथल्या मराठी मंडळातली पाच-सहा कुटुंबं विस्कॉन्सिनमधल्या एका टेकडीवर जायची. बाळांच्या कार सीट या घरातून त्या घरात जातात, तशाच स्कीही फिरायच्या. सुमित्राला मिळालेली जोडी तिच्या मैत्रिणीची, सीमाची. सीमानं ती स्की भाड्यानं देणाऱ्या दुकानाच्या सेलमधून घेतलेली. बुटाला स्कीवर धरून ठेवणाऱ्या दोन पकडी असतात, एक पुढे आणि एक मागे. त्यांना बाइंडिंग म्हणतात. या जोडीवर त्या पट्टीवरून मागेपुढे सरकायच्या. सीमाचं पाऊल एवढंसं! मग सुमित्राच्या नवऱ्यानं, अतुलनं, गॅरेजमध्ये बसून मागची पकड आणखी मागे सरकवली. बूट टक्कन बसला. "झालं! एवढ्यासाठी दुकानात कशाला जायचं?" म्हणून इंजिनिअरसाहेब मोकळे.

आणि सुमित्रा पडू लागली. वळायला जावं तर स्कीची टोकं बर्फ धरतच नसत, अंगाचा भार मागे जाई आणि बाई धपकन बसे. सल्ल्यांना तर ऊतच आला होता. "गुडघे वाकव." "पुढे झुक." "मनातून भीती काढून टाक." झुकून झुकून बिचारीची कंबर मोडायची वेळ आली, तरी फरक शून्य. शेवटी ती लॉजमध्ये सगळ्यांची जॅकेटं आणि इडल्यांचा डबा राखत बसायला लागली.

दोन हजार सातच्या मार्चमधला तो शेवटचा शनिवार. तिची मुलगी नेत्रा ऑगस्टमध्ये कॉलेजसाठी कॅलिफोर्नियाला जाणार होती. जायच्या आधी लेकीबरोबर एकदा तरी मोठा उतार उतरायचा, हे सुमित्रानं मनात पक्कं धरलं होतं. पण सकाळीच सोप्या उतारावर ती दोनदा आपटली, आणि नेत्रा म्हणाली, "आई, प्लीज, यू जस्ट रिलॅक्स इन द लॉज, ओके?"

पोरीनं प्रेमानंच म्हटलं होतं, पण सुमित्राला ते फार लागलं. ती स्की काढून बाकावर बसली आणि रागारागानं त्या जोडीकडे बघत राहिली.

आता, ही बाई पोटापाण्यासाठी करायची काय, तर सॉफ्टवेअर टेस्टिंग. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घ्यायची! बघता बघता तिची नजर बाइंडिंगवरच्या आकड्यांवर गेली. पुढच्या पकडीवर २७५, मागच्या पकडीवर ३६५. बुटाच्या टाचेपाशी छापलेलं होतं ३२०, म्हणजे बुटाची मिलिमीटरमधली लांबी. तिन्ही आकडे एकच हवेत, तर इथे एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही! तिनं बूट पुन्हा बसवून पाहिला. बुटाच्या मधली रेघ स्कीवरच्या रेघेवर यायला हवी, तर ती सव्वादोन सेंटिमीटर मागे.

"अगं बाई!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या बाकावरच्या माणसाची कॉफी सांडली.

दुरुस्तीच्या काउंटरवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "हे कुणी केलं?"

"माय हजबंड," सुमित्रा म्हणाली. इतक्या आनंदानं नवऱ्याची चुगली तिनं आजवर कधी केली नव्हती.

म्हातारा हसला. पुढची पकड अजून सीमाच्याच मापावर होती. त्यानं दोन्ही ३२० वर आणल्या आणि पडल्यावर बूट नीट सुटतो ना, तेही तपासून दिलं. तीन हिवाळे ही बाई जणू सायकलच्या कॅरिअरवर बसून हँडल वळवत होती!

ती सोप्या उतारावर गेली. डाव्या पायावर जरासा भार दिला आणि स्की वळली. मुकाट्यानं, गुणी पोरासारखी! उजवा पाय, पुन्हा वळली. सुमित्राला हसू आवरेना. तीन फेऱ्या झाल्या, एकदाही पडली नाही. मग तिनं थेट मोठ्या लिफ्टच्या रांगेत नेत्राला गाठलं.

"आई, आर यू शुअर? हा ब्लू आहे, इझीवाला नाही!"

"चल गं!"

वर पोचल्यावर तिनं खाली पाहिलं. उतार चांगलाच अंगावर येत होता. तिनं दीर्घ श्वास घेतला आणि स्वतःला सोडून दिलं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे! टोकं बर्फात रुतत होती, वारा कानांत घुमत होता आणि सुमित्रा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या दोन पायांवर बेहद्द खूश होती. मागून नेत्रा किंचाळत होती, "आई! ओ माय गॉड, आई!"

खाली पोचून नेत्रानं गॉगल वर केला. डोळे भरलेले. "एवढी वर्षं आम्ही सगळे तुलाच सांगत होतो, घाबरू नकोस म्हणून. तुझं काही चुकतच नव्हतं. आय ॲम सो सॉरी, आई."

"सॉरी गाडीत म्हण," सुमित्रा लिफ्टकडे वळत म्हणाली. "लिफ्ट चारला बंद होते. पाय उचल!"