सुतळीत बांधलेले अर्ज

"तुमच्या गावातून कामाची मागणीच नाही," तहसीलमधल्या रोजगार हमीच्या टेबलावरच्या क्लार्कने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "बघा की. पान कोरं आहे."

पान खरंच कोरं होतं. माझ्या खिशात मात्र सोळा दिवसांपूर्वीच्या मोर्चाचं कात्रण होतं. मोठा फोटो, मधोमध मी, हात वर. टेबलापाशी माझ्यासोबत त्या गावच्या शेतमजूर कौसाबाई उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण कोरं पान त्यांनाही कळलं.

मी शेतमजूर संघटनेचा पूर्णवेळ कार्यकर्ता. मूळचा धावड्याचा, पण वीस-बावीस वर्षं जालना जिल्हाभर फिरतोय. हा तालुका कुठला ते सांगत नाही, त्यातली माणसं अजून नोकरीत आहेत. माइक हातात आला की मी तहानभूक विसरतो. या प्रकरणात घोळ झाला तो त्यामुळेच.

नियम साधा आहे. मजुराने काम मागितलं की पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. पंधरा दिवस मोजायला पुरावा लागतो पोचेचा. पोच म्हणजे अर्जाच्या खालचा फाडून द्यायचा तुकडा. त्यावर तारीख, सही, शिक्का. ती नसेल तर तुम्ही काम मागितलंच नाही.

त्या वर्षी सोयाबीन हार्वेस्टरने काढलं. बायांच्या हाताला काम उरलं नाही, आणि जे उरलं त्याची मजुरी मालक देईल ती. ग्रामपंचायतीत अर्ज घेईनात, म्हणे फॉर्म संपले. म्हणून आम्ही तहसीलवर मोर्चा नेला. साठेक बाया, हलगी, माझं पाऊण तासाचं भाषण. शेवटी तहसीलदार साहेब पायऱ्यांवर आले. मी सगळे अर्ज निवेदनाला जोडून सुतळीने गच्च बांधले होते. तो गठ्ठा त्यांच्या हातात दिला. फोटो निघाला, निवेदनावर शिक्का बसला, घोषणा झाल्या, चहा झाला, टेम्पो भरले. आमच्याकडे मोर्चा असाच संपतो.

कौसाबाईंचं मात्र माझ्या शब्दावर अडलं होतं. ऊसतोडीचा मुकादम त्यांच्या दारात येऊन गेला होता. नवरा-बायको कारखान्यावर गेले की थोरली मनीषाही सोबत जाणार, धाकट्यांना सांभाळायला. आणि मनीषा दहावीत. मी छातीठोकपणे म्हणालो होतो, "नाही म्हणून सांगा त्याला. पंधरा दिवसांत गावात काम आणतो." त्यांनी तसं सांगितलं. मुकादम हसून म्हणाला होता, गाडी निघायच्या आधी परत विचारतो.

मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो.

"निवेदनाची नोंद आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "ते आम्ही जिल्ह्याला पाठवलं."

"आणि अर्ज?"

"ते निवेदनाला जोडलेले होते ना? जोडपत्र म्हणून तेही गेले."

मी भडकलो. पुढच्या सोमवारी याच्या दुप्पट मोर्चा आणतो, असं ऐकवून बाहेर आलो. व्हरांड्यात कौसाबाईंनी मला थांबवलं.

"भाऊ, मोर्चा कामून काढता आता?"

"दबाव नको का आणायला?"

"गिरणीत दळण ठेवलं तरी गिरणीवाला डब्यावर नाव टाकतो. आमचं नाव कुठंच न्हाई पडलं. तुमचा फोटो पडला."

मला झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं.

सोमवारी आम्ही गेलो, पण हलगी नाही, बॅनर नाही, माइक नाही. रविवारी दिवसभर बसून मी प्रत्येकीचा अर्ज नव्याने भरून दिला होता. सकाळी खिडकी उघडली तेव्हा बाया ओळीत उभ्या होत्या, जिचा अर्ज तिच्या हातात. मला काम दिलं होतं पाण्याचा जार सांभाळायचं. बोलायचं नाही, अशी कौसाबाईंची ताकीद होती.

"सगळे एकदम द्या, मी बघतो," क्लार्क म्हणाला.

"एकदम दिल्ते मागं," कौसाबाई म्हणाल्या. "ते जालन्याला गेले. आता एकेकीचा घ्या. अन् पोच द्या."

ओळीत हशा पिकला. क्लार्कने थोडा वेळ कागद इकडेतिकडे केले. मग एक हवालदार आला.

"मोर्चाची परवानगी कुठंय?"

"मोर्चा कुठं करून राह्यलो साहेब? लाईन लावली," कौसाबाई म्हणाल्या.

"लाईन लई मोठी हाय."

"मंग जल्दी करायला सांगा त्यायला."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी जाराकडे पाहिलं. काय करणार, ओळीत उभं राहायला परवानगी लागत नाही. दुपारी खिडकी जेवणासाठी बंद झाली. बायांनी जागच्या जागी फडकी सोडली, भाकरी खाल्ली, आणि कुणीही नंबर सोडला नाही. साडेपाचला शेवटची पोच फाडली गेली. इतकी वर्षं घसा कोरडा करून जे मला जमलं नव्हतं, ते माझ्या तोंडाला कुलूप घातल्यावर झालं.

दोनच दिवसांनी मुकादम आला. कौसाबाईंनी ब्लाउजमधून पोच काढून त्याला दाखवली आणि म्हणाल्या, "यंदा न्हाई." बाराव्या दिवशी हजेरीपट निघाला आणि पाझर तलावाच्या बांधावर काम सुरू झालं. मनीषा दहावीला बसली.

कौसाबाईंच्या शेजारच्या विठाबाईंनाही पोच मिळाली होती. पण त्यांच्या घरात आणखी पंधरा दिवस तग धरण्याइतकं काही उरलं नव्हतं. आधीचे पंधरा दिवस मी खाल्ले होते. त्या मुकादमाच्या गाडीत बसल्या, सोबत त्यांची सुनीता. ती मनीषाच्याच वर्गात होती. पाडव्यानंतर घरचे परत आले, पण सुनीता पुन्हा शाळेत गेली नाही.

उन्हाळ्यात त्याच क्लार्कने मला बोलावून एक गठ्ठा दिला. जिल्ह्याहून परत आला होता. वर शेरा होता, 'स्थानिक स्तरावर उचित कार्यवाही व्हावी.' सुतळीची गाठ माझीच होती, कुणी सोडलीसुद्धा नव्हती. ती मी घरी येऊन सोडली. निवेदनाखाली पहिलाच अर्ज विठाबाईंचा होता. अंगठा ठळक उमटला होता, आणि खालचा पोचेचा तुकडा अर्जालाच चिकटलेला होता.

मोर्चे मी अजूनही काढतो. फक्त सोबत सुतळी नेत नाही.