शेवटची पेटी

मिस्त्रींना मी फारसं ओळखत नव्हतो. चर्चमध्ये त्यांच्या मागच्या बाकावर बसायचो, एवढंच. त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांची मानच मला जास्त ओळखीची. लिहायचा मला सराव नाही, पण त्यांच्यावर दुसरं कोणी लिहील असंही वाटत नाही.

आमचं अँग्लिकन चर्च जुनं, सगळं लाकडाचं. मिस्त्री तिथले सुतार; फळी कुजली की ती तेच बदलत. भोवती दफनभूमी, आणि लगेच नदी. नदी काठ खात खात पार थडग्यांपाशी आली, तेव्हा सगळंच टेकडीवर हलवायचं ठरलं. मिस्त्रींनी प्रत्येक फळीवर खडूने खूण करून चर्च उतरवलं आणि वर जसंच्या तसं जोडलं. मग ते पेट्यांना लागले. एकेका थडग्यातली हाडं वर न्यायला एकेक छोटी पेटी. चर्चच्या डागडुजीसाठी आणून उरलेल्या फळ्यांमधूनच करत. कुठे खिळा दिसू देत नसत.

त्यांच्या बायकोचं थडगं नदीच्या अंगालाच होतं. ती असताना दोघांचं भांडण बाकावर पोचेपर्यंत चालायचं, प्रार्थना सुरू झाली की तह.

माझ्या आईची पेटी घ्यायला गेलो तेव्हा भीत भीत म्हणालो, "मिस्त्री, पाणी जवळ आलंय. आधी वहिनींचं उरकून घ्या."

रंधा न थांबवता ते म्हणाले, "घरचं माणूस शेवटच्या पंगतीला बसतं रे. लोकांना ताटकळत ठेवून तिला आधी नेलं, तर तीच मला टोचून खाईल."

आईला आम्ही वर नेलं. त्याच आठवड्यात पूर आला. सकाळी तो काठच नव्हता, नुसतं गढूळ पाणी. वहिनींच्या पेटीचं फक्त झाकण बसवायचं राहिलं होतं.

रिकामी पेटी पुरून प्रार्थना करू, असं पाद्रींनी सुचवलं. मिस्त्रींनी नकार दिला. पेटी त्यांनी बाकाखाली, तिच्या जागेपाशी ठेवली. तिला पाय लागू नये म्हणून ते तिरके बसू लागले. मागून मला मान तिरकी दिसायची.

पुढच्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. पेटी आम्ही त्यांच्याशेजारी ठेवली.

त्याआधीच्या रविवारी सगळे गेले तरी ते बसून होते. मी विचारलं, "मिस्त्री, येताय ना? गार वारा सुटलाय."

"तू हो पुढे," ते म्हणाले. "आणि दार जरा जोर लावून ओढ. लाकूड फुगलंय."