एकाच्या बदल्यात तिघं

विष्णू गेल्याची बातमी मी आधी खरी मानलीच नाही. सकाळी आमच्या दिघीच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो आला, खाली हात जोडलेले, आणि मला वाटलं, हा कुणाचा तरी वात्रटपणा आहे. तसं वाटायला कारण होतं. मागे याच ग्रुपवर एका धडधाकट माणसाला श्रद्धांजली वाहून झाली होती, आणि तो स्वतःच ‘कोण गेलं?’ म्हणून विचारत आला होता. तेव्हा विष्णूनेच आम्हा सगळ्यांना झापलं होतं. “फोटो दिसला की हात जोडायचे व्हय? आधी फोन करून बगायचं.” म्हणून मी फोन केला, तोही सरळ त्याच्याच नंबरवर. तो उचलेल, दोन शिव्या हासडेल, आणि हा फोटो कुणी टाकला याचा छडा लावायला बसेल, अशी माझी खात्री होती. फोन त्याच्या मुलीने उचलला. “काका...” एवढंच म्हणाली. पुढे विचारायची गरज उरली नाही. पहाटे छातीत कळ आली होती, भोसरीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

विष्णू माने आणि मी चाकणच्या एकाच कारखान्यात नोकरीला. मी स्टोअर्समध्ये आणि तो इनकमिंग इन्स्पेक्शनला, म्हणजे बाहेरच्या पुरवठादारांकडून जो माल येतो तो गेटवर तपासून घ्यायचं काम. आमच्या लाइनवरून तयार होऊन बाहेर जाणारा माल तपासणारी माणसं वेगळी. विष्णूचा संबंध फक्त आत येणाऱ्या मालाशी. ट्रक लागला, खोकी उघडली, की हा माप तपासायचं गेज घेऊन हजर. पुरवठादाराचा माणूस चहा घेऊन आला तर चहा नाकारायचा आणि त्या खोक्यातला तळाचा पार्ट आधी काढायचा. “वरचे चांगलेच आसतेत,” म्हणायचा. “वरचे मला दाखवायलाच ठेवलेले आसतेत.” बार्शीकडचं त्याचं बोलणं दिघीत वीस-बावीस वर्षं राहूनही गेलं नव्हतं.

हा स्वभाव गेटच्या आत राहिला असता तर प्रश्न नव्हता. पण विष्णू तो घरी घेऊन यायचा. लोक दुधाने पोळल्यावर ताक फुंकून पितात, हा न पोळताच पाणीही फुंकून प्यायचा. भाजी घेताना काट्याकडे बघण्याआधी भाजीवालीच्या बोटांकडे बघायचा. स्वतःच्या लग्नात पत्रिकेचे भरपूर गुण जुळतायत म्हटल्यावर, ‘इतके कसे जुळले, पत्रिका कुणी बनवली?’ म्हणून भटजींनाच उलटतपासणीला बसवलं होतं, असं सुमनवहिनी हसत हसत सांगतात. कंपनीच्या बसमध्ये मी त्याच्या शेजारी बसायचो. दिघीहून मोशीमार्गे चाकण, सकाळच्या शिफ्टला निम्मी बस पेंगत असायची आणि हा माझ्या कानात कुजबुजत असायचा... अमक्याला प्रमोशन का मिळालं, तमक्याने गाडी कुठून घेतली, कॅन्टीनच्या आमटीला अचानक चव का आली. कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्याचं सकाळचं नामस्मरण होतं. मी वैतागायचो आणि ऐकायचो. खरं सांगायचं तर मला त्याची चटक लागली होती. मला स्वतःला काही खटकलं की मी आधी विष्णूला सांगायचो. संशय घ्यावा की सोडून द्यावा, याचा निकाल तो देई.

आता ज्या प्रकरणावरून मंडळातले लोक आजही त्याची आठवण काढतात, ते सांगतो. आमच्या मंडळाचा टेनिस बॉल क्रिकेटचा संघ आहे. या पट्ट्यात प्रत्येक गावाचा असतोच, आणि हल्ली सामने मोबाइलवर थेट दिसत असल्यामुळे त्याला फार भाव आला आहे. आमच्याकडे एक गोलंदाज होता. त्याचं नाव इथे बदलून संतोष म्हणतो. त्याच्या यॉर्करला आजूबाजूच्या गावांत उत्तर नव्हतं. हंगामाच्या तोंडावर चाकणकडच्या एका मंडळाने आमच्यापुढे प्रस्ताव ठेवला. संतोष आम्हाला द्या, त्याच्या बदल्यात आमची तीन पोरं घ्या. तिघंही विशीच्या आतबाहेरची, एक डावखुरा फलंदाज, दोन गोलंदाज. आमच्याकडे अशी अदलाबदल ठरली की दोन्ही मंडळांचे अध्यक्ष भैरवनाथापुढे एकच नारळ फोडतात आणि अर्धा अर्धा वाटून घेतात. एकदा तो नारळ फुटला की मागे फिरायचं नाही.

आमच्या बसमधले बरेचसे लोक मंडळाचेच, त्यामुळे त्या आठवड्यात बसमध्ये कुणी पेंगलं नाही. एक बाजू म्हणायची, संतोष म्हणजे आपली शान, तो दिला तर आपल्याला विचारतो कोण? दुसरी म्हणायची, संतोष तिशीला आला, अजून किती वर्षं टाकणार? पोरं घ्या, दोन हंगाम कळ काढा, मग बघा. आमचे अध्यक्ष अण्णा दुसऱ्या बाजूचे. अण्णा मूळ गावचे, कमी बोलणारे. “आमी वावरात रोप लावल्याबिगर पीक मागत न्हाई,” एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला होता. मी मंडळाचा सेक्रेटरी, मलाही अण्णांचं पटलं होतं. विष्णूला नाही पटलं. “एक घेऊन तीन देतेत? भाजीवाली कोथिंबिरीची काडी जास्त देत न्हाई आजकाल. तिघांत खोट हाय. बघा तुमी.”

मग त्याने तिघांची तपासणीच मांडली. लष्कराच्या हद्दीला लागून आमचं मैदान आहे, तिथे रविवारी त्यांना बोलावलं. पोरं किटबॅगा घेऊन आली, बिचारी नटून आली होती. विष्णूने आधार कार्डं मागितली, जन्मतारखा बोटांवर मोजल्या. सीमारेषेवरून थ्रो करायला लावले. प्रत्येकाचा खांदा दाबून ‘दुखतंय का, खरं सांग’ विचारलं. पोरं चांगली होती, हे आंधळ्यालाही दिसत होतं. विष्णूला वेगळंच दिसलं. एकाचा गुडघा पळताना आत वळतोय, दुसरा आधी दोन मंडळं सोडून आलाय म्हणजे भांडखोर असणार, आणि डावखुरा फारच चांगला आहे, इतका चांगला पोरगा कुणी सोडेल कशाला? पुढचे चार-पाच दिवस तो बसमध्ये एकेकाच्या शेजारी जाऊन बसला आणि प्रत्येकाच्या कानात थोडं थोडं विष ओतलं. संशयाला पुरावा लागत नाही, वेळ लागतो. नारळ फोडायच्या आदल्या संध्याकाळी बैठक झाली तेव्हा हात वर करून अदलाबदल फेटाळली गेली. अण्णा मला म्हणाले, “बाहेरगावचा माणूस आमच्या मंडळाला खुळं करून ग्येला.” तिन्ही पोरं निकालाची वाट बघत फाटकापाशी उभी होती. आतून निरोप गेला, आणि आली तशी ती मोटारसायकलींवर बसून निघून गेली. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पुढचं अख्ख्या पट्ट्याला माहीत आहे. तो डावखुरा पोरगा आज कुठल्या कुठे पोचलाय, त्याचे षटकार लोक मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघतात. आणि आमचा संतोष त्या हंगामात यॉर्कर टाकेचना. हळू, चेंडू फिरवत, कसंबसं निभावत होता. ‘अनुभवाने खेळतोय’ असं आम्हीच एकमेकांना समजावत होतो. हंगाम संपता संपता उपांत्य सामन्यात त्याने चेंडू टाकला आणि खांदा धरून खाली बसला. तो पुन्हा कधी गोलंदाजीला उभा राहिला नाही. तेव्हापासून विष्णूचं नाव इनकमिंगवाला पडलं. बाहेरून येणारी तीन पोरं गेज लावून तपासली, घरचा माल तपासलाच नाही! काखेत कळसा म्हणतात तो हाच. ही थट्टा मी सर्वांत जास्त केली. लग्नात, बसमध्ये, निवृत्तीच्या समारंभात, जिथे चार लोक भेटतील तिथे. विष्णू ऐकून घ्यायचा. “चुकतंय माणसाचं,” म्हणायचा आणि खिडकीबाहेर बघायचा. दुसऱ्या कुठल्याही बाबतीत तो चुकलो म्हणाल्याचं मला आठवत नाही. याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

तेराव्याला मी त्याच्या घरी गेलो. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. संतोष एका कोपऱ्यात बसला होता. मी नेहमीच्या सवयीने इनकमिंगचा किस्सा काढला, दुःखात थोडं हसू यावं म्हणून. कुणी हसलं नाही. संतोष उठला आणि मला गॅलरीत घेऊन गेला. “काका, आता बास करा ते,” तो म्हणाला. “माझा खांदा आधीच गेला होता. विष्णूभाऊंना ठाऊक होतं.”

मला आधी पटलं नाही. माणूस गेला की त्याच्या नावावर लोक काहीही जमा करतात. मी उलट विचारलं, कशावरून? तेव्हा त्याने सगळं सांगितलं. तो तेव्हा दुसऱ्या कारखान्यात कंत्राटी कामगार होता. कंपनीच्या संघातून खेळायचा, म्हणून साहेबांनी त्याला कायम करायचा शब्द दिला होता, कागद हंगाम संपायच्या आत निघणार होते. आणि समोरच्या मंडळाचे अध्यक्ष त्याच कारखान्याला माणसं पुरवणारे कंत्राटदार. तिकडे गेला असता तर त्यांनी त्याला पहिल्या दिवशी नेटमध्ये जोर लावून टाकायला सांगितलं असतं, आणि खांद्याची गोष्ट दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर गेली असती. अण्णांनी त्याला न विचारताच शब्द देऊन टाकला होता, आणि नको म्हणावं तर का नको, हे सांगावं लागलं असतं. “मी भाऊंकडे रडलो. ते म्हणाले, तू गप बस. मी बोंबलतो. माझ्या बोंबलण्याचं कुणाला नवल वाटायचं न्हाई.”

खरंच कुणाला नवल वाटलं नाही. आम्ही त्या काळात सगळ्यांवर संशय घेतला. अण्णांवर घेतला, समोरच्या मंडळावर घेतला, त्या कोवळ्या पोरांवर घेतला. घेतला नाही तो फक्त विष्णूवर. रोजच संशय घेणाऱ्याच्या पोटात काही वेगळं असेल, असं कुणाच्या डोक्यात येणार? संतोष कायम झाला, आज त्याच्या नावावर छोटं का होईना घर आहे. त्यानेच मला सांगितलं, “नाव बदला आणि लिहा. भाऊंना हसणं थांबायला पाहिजे.” म्हणून हे लिहितोय. पण माझं मन यावर साफ होत नाही, हेही लिहितो. विष्णू वेळीच बोलला असता तर उरलासुरला खांदा तरी वाचला नसता का? आणि फाटकावरून परत गेलेल्या त्या पोरांनी काय घोडं मारलं होतं? एकाची भाकरी वाचवायला त्याने तिघांच्या नावाला बट्टा लावला. पोरं चांगली निघाली हे त्यांचं नशीब, विष्णूचं पुण्य नव्हे. त्याचं मोठेपण मी नाकारत नाही, फक्त ते जसंच्या तसं पदरात घ्यायला मन तयार होत नाही.

खरी कळ वेगळीच आहे. मी आत जाऊन वहिनींना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं? त्या म्हणाल्या, “आमच्या स्वैपाकघरात तर येऊन बसायचा संतोष. तव्यावर फडकं गरम करून मीच शेकायची खांदा.” म्हणजे इतकी वर्षं जे वहिनींना माहीत होतं, ते रोज सकाळी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसणाऱ्या मला माहीत नव्हतं. कॅन्टीनच्या आमटीचं गुपित मला सांगणारा माणूस, एवढं मोठं गुपित माझ्यापासून लपवून बसला होता. मला रागच आला. मेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे मला ठाऊक नव्हतं.

“मला का नाही सांगितलं त्याने?” मी विचारलं. “माझा भरवसा नव्हता?”

वहिनी पदराने भांडं पुसत होत्या, पुसतच राहिल्या. “तुम्ही सेक्रेटरी. तुम्हाला सांगितलं असतं तर अण्णांसमोर तुम्हाला खोटं बोलावं लागलं असतं. हे म्हणायचे, त्याला नाही जमायचं. त्याच्या तोंडावर सगळं दिसतं. त्याला त्रास नको.”

मी बरं म्हटलं आणि निघालो. जिना उतरताना विचार सुरू झाला. ही माझी काळजी होती, की माझ्याकडून बिंग फुटेल ही भीती? विष्णू हे खरंच असं म्हणाला होता, की माझं पडलेलं तोंड बघून वहिनींनी आत्ताच्या आत्ता ते रचलं? ऐकायला फार चांगलं होतं ते, आणि फार चांगल्याचा मला हल्ली भरवसा वाटत नाही. खाली रस्त्यावर आलो, खिशातून मोबाइल काढला, आणि विष्णूचं नाव शोधायला लागलो. वहिनी खरं बोलल्या की नाही, हे त्यालाच विचारायचं होतं.