शिंपीमास्तरांचा घोडा

कळंबच्या बाजारात एक शिंपीमास्तर होते. त्यांच्याकडं कपडा वेळेवर मिळालेला माणूस माझ्या बघण्यात नाही. दुपारी मशीन थांबवून ते उर्दू पुस्तकातली जादूगारांची आणि उडत्या घोड्याची गोष्ट रोज थोडी थोडी मराठीत सांगायचे. गळ्यातली टेप पुस्तकात खूण म्हणून असायची, त्यामुळं गोष्ट चालू असेतो कुणाचं मापही घेता येत नसे.

एकदा घोड्याला राक्षसाचा बाण लागला. समोर एक म्हातारे शेतकरी होते. त्यांचा बैल त्याच आठवड्यात गेला होता. ते पटक्याच्या शेवानं डोळे पुसू लागले. मास्तर अडखळले.

"रडू नका बाबा. बाण खुराला लागलाय."

त्यानंतर महिनाभर घोडा लंगडत उडत होता.

निजामाच्या शाळेत मीही उर्दू शिकलो होतो. एक दिवस मास्तर चहा सांगायला गेले, तेव्हा मी ते पान काढलं. बाण छातीत होता आणि घोडा जागीच गेला होता.

ते परत आल्यावर मी म्हटलं, "मास्तर, घोडा तर मेलाय की!"

म्हातारे अजून आले नव्हते, तरी मास्तरांनी आधी दाराकडं बघितलं. मग पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं.

"पुस्तकात मेलाय. कळंबात न्हाय."