गुरुजी पायी चालले!

आमच्या गावात माणूस रस्त्यानं उगीच चालत नाही. चालताना दिसलाच, तर त्याची बस चुकलेली असते.

हे मुंबईच्या डॉक्टरांना कुठून ठाऊक असणार? नव्वद सालाच्या आसपास माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. थोरल्या बहिणीनं, म्हणजे अक्कानं, स्वतःची एक काढून दिली, म्हणून आज हे लिहायला मी शिल्लक आहे. (आभार मानायला गेलो तर म्हणाली, "गप बस, दूध पी!") ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं, "रोज चाला. पडून राहिलात तर या गोळ्यांनी वजन वाढेल, अंगातली ताकद जाईल. पण जड उचलायचं नाही आणि पोटाला धक्का लागू द्यायचा नाही. नवी किडनी पुढे, ओटीपोटात बसवली आहे."

दोंडाईचाजवळच्या आमच्या गावात मी शाळामास्तर. अर्धं गाव माझ्याच हाताखाली शिकलेलं. त्यामुळे मी रस्त्यावर पाऊल टाकलं रे टाकलं, की मागून बैलगाडी थांबायची.

"गुरुजी, कोठे जाई राहिनात?"

"कुठे नाही रे. फिरतोय."

"इतलं मोठं ऑपरेशन व्हयनं आनि पायी? आम्ही काय मरी गऊत का? बसा!"

नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. बसलो. दुसऱ्या दिवशी सायकलचं कॅरिअर, मग कुणाची मोटरसायकल. व्यायामाच्या नावाखाली मी गावातल्या एकूण एक वाहनावर बसून आलो. चाललं होतं ते फक्त पोट, तेही पुढे पुढे!

शेवटी एका सकाळी गावाबाहेरची डांबरी सडक गाठली. इथं मला कोण ओळखतंय? (हा माझा भाबडेपणा!) मागून खच्चून भरलेली जीप करकचून थांबली. स्टिअरिंगवर संजू. त्याला बाकावर उभं करून करून मीच दमलो होतो.

"गुरुजी! दवाखानामा निघनात का? बस चुकनी ना?"

"अरे नाही, मी आपला..."

पुढचं ऐकायला कुणाला सवड होती? दोघांनी उतरून मला अलगद पुढच्या सीटवर ठेवलं. जीप शिरपूरच्या दिशेनं सुटली. पहिल्याच खड्ड्यात माझं डोकं टपाला लागलं. किडनीला हादरा नको, म्हणून मी दोन्ही हातांनी पोट गच्च धरलं.

"अरे, गुरुजीना पोटमा दुखी राहिनं!" मागून एक बाई किंचाळली.

संजूनं गाडी आणखी पळवली. गाडी जोरात, म्हणून हादरे जोरात. हादरे जोरात, म्हणून मी पोट आणखी आवळलं. मी पोट आवळलं, म्हणून संजूनं वेग वाढवला!

"हळू रे बाबा!"

"घाबरू नका गुरुजी, आते पोचाडस!"

तेव्हा मात्र मी खरंच घाबरलो. अक्कानं स्वतःचं पोट चिरून दिलेली किडनी, आणि मी ती फिरायला म्हणून नेऊन खड्ड्यांत वाया घालवणार! त्या विचारानं डोळ्यांत पाणी आलं. (ते बघून वेग किती वाढला, ते विचारू नका.)

शिरपूरच्या दवाखान्यात मला स्ट्रेचरवर घातलं. दुपारी अक्का कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून येऊन थडकली. पायात चप्पल नाही, चेहरा पांढराफटक. तिनं नुसता माझा हात धरला. तेवढ्यात डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले.

"घाबरायचं काही नाही. किडनी ठणठणीत आहे."

अक्कानं पदरानं डोळे पुसले. मीही तिच्याच पदरानं पुसले. अशी बहीण मिळायला नशीब लागतं, आणि ते माझ्याकडे होतं. मग ती एकदम कडाडली.

"ती राहीच ना ठणठणीत! मनी किडनी शे ती! डॉक्टर, आते बाकीना माणूस तपासा."

डॉक्टरांनी तपासला. वजन वाढलेलं, पायांत जोर नाही, दवाखान्याचा जिना चढायला लावला तर दम लागलेला. थोडक्यात, माझ्या अख्ख्या देहात धडधाकट असा एकच अवयव निघाला, आणि तो अक्काचा होता!