लाकडी मुठीचा शिक्का

भिंगवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. सरकारी कचेरीच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं रबरी शिक्के बनवायचं दुकान होतं, आणि डोळ्याला लावायचं भिंग दिवसभर कपाळावर सरकवलेलं असायचं, म्हणून लोक त्यांना भिंगवाले म्हणत. खरं नाव बायकोला तेवढं ठाऊक होतं, आणि ती त्यांना 'अहो' म्हणायची.

माणूस वाईट नव्हता. पण विश्वास ठेवायचा म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. कोणी 'सहज आलो होतो' म्हणालं, की हे मनात म्हणणार, सहज कोण येतं? डॉक्टरांनी 'काळजीचं कारण नाही' सांगितलं की यांची झोप उडायची. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. भिंगवाल्यांचं तोंड कधी, कुठे पोळलं होतं कोणास ठाऊक, पण ते पाणीसुद्धा फुंकून पीत. वीस वर्षांपूर्वी एका इसमाने हॉस्पिटलचा शिक्का बनवून मागितला होता आणि त्याच्या हातातलं पत्र बनावट आहे हे यांनी दुकानाच्या पायरीवरच ओळखलं होतं. तेव्हापासून कचेरीत एखादा कागद संशयास्पद वाटला की शिपाई तो घेऊन यांच्याकडे यायचा. झालं! आधी संशय हा नुसता स्वभाव होता, आता तो हुद्दा झाला.

त्यांना एकच लेक. तीही बापावर गेलेली. शाळेत असताना तिने प्रगतिपुस्तकावरची मुख्याध्यापकांची सही प्रत्येक वर्षी वेगळी असल्याचं घरी दाखवलं होतं, आणि बापाला पोर पहिली आल्याचा झाला नसता एवढा आनंद झाला होता. तिच्या लग्नाच्या बोलणीत यांनी मुलाची पदवी मागून घेतली, भिंग लावलं आणि चार पाहुण्यांच्या देखत उजेडात धरून पाहिली. बायकोला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मुलगा मात्र हसला. जहाजावर इंजिनियर होता, सासऱ्यांना तपासणी नाका म्हणायचा, तेही तोंडावर. लग्न होऊन लेक सीमेपलीकडच्या शहरात गेली. पलीकडे म्हणजे तरी किती? टॅक्सीने तीन तास. नाक्यावर गाडी दोन मिनिटं थांबायची, शिपाई आत डोकावायचा आणि हात हलवायचा.

मग साथ आली आणि त्या दोन मिनिटांवरून गावात महाभारत सुरू झालं.

रोज संध्याकाळी पाच वाजता आरोग्यमंत्री टीव्हीवर येत आणि सव्वापाचला भिंगवाल्यांच्या दुकानासमोर, अंतर ठेवून उभं राहायची पांढरी वर्तुळं काढली होती त्यांत, तीन माणसं येऊन उभी राहत. शेजारचा औषधवाला म्हणायचा, सीमा ताबडतोब बंद करा, रोग तिकडूनच येतोय. समोरच्या माडीवरच्या निवृत्त शिक्षिकाबाई म्हणायच्या, रोग काय पासपोर्ट काढून येतो का, आपलीच माणसं आपण दारात अडवायची म्हणजे माणुसकीला काळिमा आहे. टॅक्सीवाल्याचं म्हणणं साधं होतं: बंद ठेवा नाहीतर उघडी ठेवा, पण सकाळी एक आणि दुपारी एक असं करू नका, मी गाडी कुठे वळवू? भिंगवाले तिघांचं ऐकून घेत आणि तिघांनाही तोडून टाकत. मंत्री आकडा सांगतो तो कालचा की परवाचा? तज्ज्ञांची समिती म्हणतात, तिची नावं कोणी पाहिली आहेत का? बाई म्हणायच्या, "तुमचं म्हणणं तरी काय आहे?" ते म्हणायचे, "माझं म्हणणं नसतं. मी फक्त विचारतो."

सरकारचा हुकूम निघतो, पण हुकूम अमलात यायला शिक्का लागतो, आणि शिक्का बनतो आपल्या दुकानात, हे मात्र ते अभिमानाने सांगत. कोणत्या कचेरीने कोणता शिक्का मागवला यावरून पुढे काय होणार हे त्यांना आधी कळायचं. बाजार अर्धा दिवस बंद होणार हे त्यांनी दोन दिवस आधी सांगितलं होतं. ते खरं निघालं. नेमकं तेच नडलं.

लेकीला आठवा महिना लागला होता. जावई जहाजावर अडकलेला, कुठलंही बंदर त्या लोकांना उतरू देत नव्हतं. सासू-सासरे पूर्वीच गेलेले. पोर तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटी. तिला आणायचं हे तर ठरलेलंच होतं, पण नाक्यावर कोणालाच आत घेत नव्हते. अशात एका संध्याकाळी मंत्र्यांनी जाहीर केलं की येत्या सोमवारपासून गरोदर बाया, म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना घरच्यांकडे येऊ देणार. नाक्यावर तपासणी होईल आणि दोन आठवडे घराबाहेर पडायचं नाही. भिंगवाल्यांच्या बायकोने टीव्हीसमोरच डोळे पुसले आणि मागची खोली झाडायला घेतली. टॅक्सीवाल्याने सोमवारचं नक्की केलं. तिकडे लेकीने बॅग भरली.

औषधवाल्याचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, तो एक अर्ज घेऊन दारोदार फिरला: सीमेपलीकडून येणाऱ्या कोणालाही आमच्या गल्लीत राहू देऊ नये. भिंगवाल्यांनी अर्ज दोनदा वाचला. सही केली नाही तर आपलं नाव कुठेतरी लिहून ठेवतील, आणि उद्या लेक आली की पहिलं बोट आपल्या दाराकडे जाईल, असं त्यांच्या मनात आलं. त्यापेक्षा सही करून मोकळं व्हावं. असल्या अर्जांना केराची टोपली असतेच. त्यांनी सही केली. घरी बोलले नाहीत.

गुरुवारी सकाळी नाक्याच्या कचेरीतून कागद आला. 'परत पाठवले' असा शिक्का, सहा नग, स्प्रिंगचा. म्हणजे दाबला की आतल्या गादीवरून स्वतःच शाई घेणारा. 'प्रवेश मंजूर' असा शिक्का, दोन नग, साध्या लाकडी मुठीचा. शनिवारपर्यंत हवेत.

भिंगवाले स्टुलावर बसले. एकतीस वर्षांच्या धंद्यात एक गोष्ट त्यांना शिकवावी लागत नव्हती: जो शिक्का दिवसातून शेकडो वेळा मारायचा तो स्प्रिंगचा घेतात, आणि जो कधीमधी लागतो तो लाकडी मुठीचा. नकाराचे सहा, तेही झटपट मारायचे. होकाराचे दोन, तेही नावापुरते. टीव्हीवर दार उघडं आणि नाक्यावर कुलूप! त्यांना भयंकर राग आला आणि, खोटं कशाला बोला, थोडा आनंदही झाला. आपण म्हणत होतो तसंच निघालं की माणसाला बरं वाटतं, मग ते कितीही वाईट असो.

त्यांनी लेकीला फोन लावला. सांगितलं, निघू नकोस. उन्हात चार-चार तास रांगेत उभं करतील आणि परत पाठवतील. तिकडचे लोक पुन्हा आत घेतील याचीही खात्री नाही. मधल्या मोकळ्या जागेत तंबूत पडावं लागेल, आणि तुझी ही अवस्था.

"नक्की का, बाबा?" तिने विचारलं.

"मी शिक्के पाहिलेत," ते म्हणाले.

एवढं त्या घरात पुरेसं होतं. तिने बॅग तशीच ठेवली.

सोमवारी टीव्हीवर माणसं येताना दिसली. एक म्हातारा नाक्यावरच्या शिपायाला हात जोडत होता. भिंगवाले म्हणाले, चित्रीकरणापुरतं आहे. मंगळवारी टॅक्सीवाला सांगत आला की त्याने स्वतः दोन कुटुंबं आणली. भिंगवाले म्हणाले, पहिले दोन दिवस असंच असतं, लोकांना नादी लावायला. बुधवारी बायको म्हणाली, "अहो, पोरीला बोलवा आता." ते म्हणाले, आणखी दोन दिवस बघू. गुरुवारी पुन्हा तेच. शुक्रवारी गावातले रुग्ण अचानक वाढले, औषधवाल्यासारख्यांनी कचेरीसमोर आरडाओरडा केला, आणि दुपारी बारा वाजता मंत्र्यांनी पुढची सूचना मिळेपर्यंत सीमा पूर्ण बंद केली.

"बघ," भिंगवाले बायकोला म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?"

बायको मागच्या खोलीत गेली आणि पलंगावर घातलेली धुतलेली चादर काढून तिची घडी करू लागली.

लेकीचं बाळंतपण तीन आठवड्यांनी झालं. शेजारच्या बाईने तिला हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोडलं, आत कोणाला घेत नव्हते. एकोणीस तास ती एकटीच होती. मुलगी झाली; दोघी सुखरूप होत्या. भिंगवाल्यांनी फोनवर नात पाहिली. लेक फारसं बोलली नाही. दमली असेल, असं ते म्हणाले, आणि त्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला नाही.

उलगडा झाला तो शिक्षिकाबाईंच्या थोरल्या बहिणीमुळे. ती म्हातारी त्या आठवड्यात नाक्यावरून आली होती, आणि दोन आठवड्यांची कोंडी संपल्यावर पुढे एक दिवस दुकानावर आली, चष्म्याच्या दुकानाचा पत्ता विचारायला. तिने हात पुढे केला तर मनगटाच्या वर जांभळट डाग. महिना होत आला तरी पुरता गेला नव्हता. भिंगवाल्यांनी न विचारता तिचा हात धरला आणि भिंग खाली ओढलं. दुहेरी वर्तुळ, आत 'प्रवेश मंजूर'. त्यांचाच शिक्का. हातावर मारलेला.

"डॉक्टर मारत होते," म्हातारी म्हणाली. "मंजूर झालेल्या प्रत्येकाच्या हातावर. बाहेर भटकलो तर लोकांना कळावं म्हणून. साबणाने जात नाही हो, फार चांगली शाई आहे."

त्यांनी तिचा हात सोडला आणि भिंग कपाळावर सरकवलं. कातडीवर मारायची पक्की शाई स्प्रिंगच्या शिक्क्यात भरत नाहीत. एका दिवसात आतली गादी वाळून दगड होते. त्यासाठी लाकडी मूठ आणि वेगळा शाईचा डबाच लागतो. हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला एकतीस वर्षं बजावत आले होते. होकाराचे शिक्के दोन होते, कारण डॉक्टरांचं टेबल एकच होतं. नकाराचे सहा होते, कारण बाकीच्या सगळ्या जगाला सहा खिडक्यांवरून परत पाठवायचं होतं. ते आत गेले आणि कचेरीचा तो कागद शोधून काढला. तिसरी ओळ होती: पक्की शाई, चार बाटल्या. त्यापुढे त्यांच्याच हातची बरोबरची खूण. बाटल्या त्यांनी स्वतः कागदात गुंडाळून दिल्या होत्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन केला आणि सगळं सांगितलं. मूठ, शाई, टेबल, खिडक्या. आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणाले की मी चुकलो. एवढं बोलून त्यांना हलकं वाटलं. आता ती रागावेल, रडेल, चार शब्द सुनावेल, आणि मग होईल सगळं ठीक, असं ते धरून चालले होते.

ती रागावली नाही. तिने विचारलं, "बाबा, गल्लीच्या त्या अर्जावर तुम्ही सही कधी केलीत?"

अर्जाचा फोटो मोबाइलवर फिरत फिरत तिच्यापर्यंत गेला होता.

"खाली तारीख बुधवारची आहे," ती म्हणाली. "आणि मला 'येऊ नकोस' असा फोन केलात गुरुवारी."

ते घाईघाईने सांगू लागले की सही आणि शिक्के यांचा काही संबंध नाही, सही तर तिच्यासाठीच केली होती, तिच्यावर कोणी बोट दाखवू नये म्हणून. बोलता बोलता ते त्यांना स्वतःलाच कसंसं वाटायला लागलं. दुकानाच्या पायरीवर उभं राहून कोणी असं सांगितलं असतं तर त्यांनी भिंगसुद्धा लावलं नसतं.

"घरात रोग येईल म्हणून भ्याला होतात, तर तसं सांगायचं," लेक म्हणाली. "मी समजून घेतलं असतं. शिक्क्यांची गोष्ट कशाला रचलीत?"

"रचली नाही गं. शपथ घेऊन सांगतो."

"बरं," ती म्हणाली. अगदी शांतपणे, कचेरीतल्या बाईने कागद ठेवून घ्यावा तशी. "आईला द्या फोन."

बायकोने फोन घेतला आणि ती गॅलरीत गेली. बाळ दूध कसं पितं, झोपतं किती, यावर दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. बायको एकदा हसलीसुद्धा. भिंगवाले खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. ती आत आल्यावर त्यांनी विचारलं, "तुला तरी खरं वाटतंय ना?"

तिने फोन टेबलावर ठेवला.

"त्या आठवड्यात तुम्ही भ्याला होतात, एवढं मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "कशाला, ते तुमचं तुम्ही बघा."

ते बघायला बसले. दिवा लावायचं राहून गेलं होतं. शाईच्या चार बाटल्या स्वतःच्या हाताने बांधून दिल्या, आणि त्या कशासाठी आहेत हे एकतीस वर्षांच्या अनुभवी माणसाला सुचलं नाही? हे दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर त्यांनी एका शब्दावर विश्वास ठेवला नसता.