दरसालचा थर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमची इंजिनिअर तुकडी कारंज्याला होती. लष्करी सामानासाठी जुनी गोदामं घ्यायची होती. कोणती इमारत आणखी किती वर्षं टिकेल, हे पाहणं आमचं काम. मी कॉलेज सोडून भरती झालो होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण माझ्या अंदाजावर मलाच भरवसा नव्हता. आमचे हवालदार सखाराम मेडशी गावचे. त्यांचा भरवसा कशावरच नव्हता.

कापसाच्या एका गोदामात तुळयांच्या फक्त टोकांना ताजा चुना होता.

"टोकंच काहून रंगवले?" हवालदारांनी विचारलं.

"लष्कर येऊन राह्यलं म्हून," मालक म्हणाले. "चुना तेवढाच उरला होता."

"आमी काय पोरगी पाहाले आलो?"

वाळवी लपवली असावी, असं मलाही वाटलं. चुना खरवडला. आत सागवान टणक होतं. मालक हसले. हवालदार हसले नाहीत.

"लाकूड चांगलं, मंग दार काहून अडकून राह्यलं?"

चौकट खरंच वरून दबली होती. त्यांनी मला छतावर पाठवलं. छत मातीचं, त्याला धाबं म्हणतात. पावसाळ्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकतात. इथे तो त्याच सकाळी टाकला होता, अजून ओला होता. मी खणत गेलो. अर्धी पहार आत गेली तरी मातीच.

"जुनी माती कधी काढली होती?" मी वरून ओरडलो.

"काढाले कायले?" मालक म्हणाले. "आज्यापासून दरसाल टाकून राह्यलो. थेंब गळत नाही."

"खाली ये!" हवालदारांचा हुकूम आला. "सगळे बाहेर!"

आत हमाल गाठी रचत होते. लष्कर गोदाम बळकावतंय, असं त्यांना वाटलं. ते हलेनात. हवालदार आत शिरले आणि एकेकाला दंड धरून बाहेर ढकलू लागले. शेवटचा हमाल उंबऱ्याबाहेर पडला आणि मातीच्या ओझ्यानं मधली तुळई मोडली. हवालदार आतच राहिले.

मालकांनी आमच्याबरोबर हातांनी माती उकरली. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं.

हवालदारांचं किट घेऊन मी मेडशीला गेलो. त्यांच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग अंगणात येऊन ते आपल्या घराच्या धाब्याकडे बघत राहिले. त्यांनी शिडी लावली.

"तू शिकेल माणूस हायेस. माती किती ठेवू?"

"एक वीत," मी चाचरत म्हणालो आणि फावडं घेऊन त्यांच्यामागे चढलो.

माती खाली पडू लागली तसा शेजारी धावत आला. "काय करून राह्यले बुवा? चांगलं धाबं कायले उकरता?"

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही.

"आमच्या सखारामनं सांगतलं," ते म्हणाले.